बीपीमुळे ३१व्या आठवड्यात झालेली मुलगी: पाच महिने झाले, मान अजून धरत नाही

शहापूरची_माय

नमस्कार. बरेच महिने नुसती वाचते आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही बेळगावात शहापूरला राहतो, माझं माहेर चंदगड तालुक्यात. पहिलंच बाळंतपण. सातवा लागेपर्यंत काही त्रास नव्हता. मग पाय सुजले. सासूबाई म्हणाल्या, पहिलटकरणीला येतेच सूज. बोटातली अंगठी निघेना, तेव्हाही हसण्यावारी नेलं. एका सकाळी डोकं इतकं ठणकलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले. आशाताईंनी बीपी बघितलं, १६८/११२. लघवीत प्रोटीन तीन प्लस. दुपारी ॲडमिट. सोनोग्राफीत म्हणाले, नाळेतला रक्तप्रवाह मधे मधे थांबतोय. बाळाच्या फुफ्फुसांसाठीची चारपैकी तीन इंजेक्शनं झाली. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम दिलं, ते चढताना अंगातून वाफ निघतेय असं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी रात्री सिझर. ३१ आठवडे, ९८० ग्रॅम. मे महिन्यातली गोष्ट.

४१ दिवस दवाखान्यात होती. घरी आणली तेव्हा १६४० ग्रॅम. आता पाच महिने पूर्ण झालेत, वजन ४ किलो ६००. हसते. तोंडाकडे बघते. पण मान धरत नाही, हात धरून उठवली की डोकं मागे राहतं. शेजारच्यांचा नातू त्याच आठवड्यात जन्मलेला, तो पालथा पडतोय. परवा त्या बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "हिचं काय करूलाय की अजून?" तेव्हापासून झोप नाही.

माझ्या बीपीचा तिच्या मेंदूवर परिणाम झाला असेल का? ते मॅग्नेशियम तिला बाधलं का? काय करू ते कळत नाही.

कुंदाप्रेमी

ताई, काळजी करू नका. आमची आजी म्हणायची, सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. तुमची सातव्यातली आहे, म्हणजे जोरकस!

पेटीजवळची

कुंदाप्रेमी, आजीला नमस्कार, पण हे वाक्य वॉर्डात ऐकून ऐकून माझे कान किटलेत. आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा बरंच बरं असतं. पोटातला प्रत्येक जास्तीचा आठवडा कमाईचाच. ह्या म्हणीमुळे लोक ३४ आठवड्यांच्या धडधाकट बाळाला बघून रडतात आणि २९ आठवड्यांच्या बाळापुढे निर्धास्त बसतात.

माय, मी नवजात अतिदक्षता विभागात स्टाफ नर्स आहे, १४ वर्षं झाली. आधी हिशोब करू. बाळ ४० आठवड्यांना यायचं ते ३१ला आलं, म्हणजे ९ आठवडे आधी. पाच महिने म्हणजे साधारण २२ आठवडे. २२ वजा ९, राहिले १३. तुमची मुलगी विकासाच्या हिशोबाने तीन महिन्यांची आहे. तीन महिन्यांचं बाळ मान सावरायला शिकत असतं, पूर्ण धरत नसतं. शेजारचा नातू हा तुलनेचा माणूसच नव्हे. मान, बसणं, रांगणं, बोलणं, सगळं दोन वर्षांपर्यंत ह्याच दुरुस्त वयाने मोजायचं.

लसी मात्र जन्मतारखेनेच. तिथे ९ आठवडे वजा करत बसू नका, पुष्कळजण करतात.

आता चार प्रश्न. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली का, आणि किती वेळा? कानाची कोणती टेस्ट झाली? डोक्याची सोनोग्राफी झाली होती का? लोह आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब चालू आहेत का?

शहापूरची_माय

हे वजाबाकीचं कुणीच सांगितलं नव्हतं. की सांगितलं असेल आणि तेव्हा डोक्यात शिरलं नसेल, माहीत नाही.

डोक्याची सोनोग्राफी दोनदा, नॉर्मल. कानाची दवाखान्यातून निघताना झाली, ते लहान यंत्र कानात घालतात ती, पास. थेंब चालू आहेत. डोळे एकदा बघितले, दवाखान्यात असतानाच. दोन आठवड्यांनी परत या म्हणाले होते. तेवढ्यात डिस्चार्ज मिळाला आणि मी माहेरी गेले. जुलैचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. रस्त्यावर पाणी, बाळ दीड किलोचं. आई म्हणाली, एवढ्या गारठ्यात नेऊ नको. राहून गेलं ते गेलंच.

पेटीजवळची

माय, घाबरवत नाही, पण हे आधी. मान राहू दे. उद्या सकाळी पडदा बघणाऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. नुसता चष्म्याचा नंबर काढणारे नकोत. कागद घेऊन जा.

३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे डोळे ३० दिवसांच्या आत बघायचे असतात. १२०० ग्रॅमच्या आतलं असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या मागून कडेकडे वाढत जातात. बाळ लवकर आलं की त्यांची वाढ मधेच अडते आणि पुढे भलतीकडेच वाढायला लागतात. म्हणून त्या कडेपर्यंत पोचेस्तोवर दर एक-दोन आठवड्यांनी बघत राहायचं. एकदा बघून "ठीक आहे" म्हटलं म्हणजे त्या दिवसापुरतं ठीक. बिघडायला लागलं तर लेझर किंवा इंजेक्शन दोन-तीन दिवसांत द्यावं लागतं. बाहेरून डोळा छान काळाभोर दिसतो, काहीच कळत नाही.

शहापूरची_माय

जाते. उद्या जाते.

गावठी_बालरोग

निवृत्त बालरोगतज्ज्ञ आहे, चिकोडी-निपाणी पट्ट्यात आयुष्य गेलं. वर बाईंनी जे लिहिलंय त्याला खाली सही करतो. बीपीचा बाळाशी नेमका काय संबंध, ते जरा सविस्तर लिहितो, कारण मूळ प्रश्न तो होता.

लोक म्हणतात "बीपी वाढलं म्हणून बाळ लवकर काढलं". खरी गोष्ट पुष्कळ आधी सुरू झालेली असते. गर्भ राहिल्यावर पहिल्या चार-साडेचार महिन्यांत वारेच्या (प्लॅसेंटाच्या) पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरतात आणि तिथल्या चिंचोळ्या, नागमोडी धमन्या रुंद करून घेतात. पाटाच्या पाण्याला कालवा करण्यासारखं. हे काम अर्धवट राहिलं तर वारेला रक्त कमी पडतं. मग उपाशी वार आईच्या रक्तात असे पदार्थ सोडते की तिच्या अंगभर रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं. म्हणून बीपी चढतं, लघवीतून प्रोटीन जातं, डोकं दुखतं, लिव्हरवर सूज येते, प्लेटलेट उतरतात. विसाव्या आठवड्यानंतर १४०/९०च्या वर गेलं की सावध व्हायचं, १६०/११०च्या वर गेलं की ती इमर्जन्सी. वार बाहेर आल्याशिवाय हा आजार हटत नाही. गोळ्या आईला सांभाळतात, मुळावर उपाय करत नाहीत.

म्हणजे ह्या बाळाला दोन गोष्टी सोसाव्या लागतात. एक, दिवस अपुरे. दुसरी, जे दिवस पोटात होतं त्यातही रसद कमी. ३१ आठवड्यांच्या बाळाचं वजन साधारण दीड किलोच्या आसपास हवं, ही ९८० ग्रॅमची होती. नाळेतला प्रवाह थांबतोय म्हणाले ते हेच. अशा वेळी बाळ शहाणपणा करतं, असलेलं रक्त आधी मेंदूकडे आणि हृदयाकडे वळवतं, आतडी-मूत्रपिंडांच्या वाट्याला कमी येतं. म्हणून ही बाळं अंगाने काडी आणि डोक्याने मोठी दिसतात. आजूबाजूचे म्हणतात डोक्यात पाणी झालंय. पाणी नसतं.

जन्मल्यावर ह्यांच्या साखरेवर डोळा ठेवावा लागतो, साठा नसतो. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी पहिले काही दिवस कमी असतात. आतड्यांना रक्त कमी पडलेलं असल्याने दूध फार हळू वाढवतात, कधी एक-एक मिली. तेव्हा नातेवाईक भांडतात की पोराला उपाशी ठेवलंय. तिथे आईचंच दूध सर्वांत सुरक्षित. आणि फुफ्फुसांना ऑक्सिजनची गरज जरा लांबते.

आता मेंदू. शेवटच्या तीन महिन्यांत मेंदूला घड्या पडतात, आतल्या तारांवर आवरण चढायला लागतं. ते काम हिला बाहेर, दिव्याखाली करावं लागलं. पण घाबरून बीपीच्या माथी सगळं मारू नका. तेवढ्याच आठवड्यांची, पण जंतुसंसर्गामुळे पाणमोट फुटून आलेली बाळं आणि बीपीमुळे काढलेली बाळं शेजारी ठेवली, तर हातापायांच्या कडकपणाचा धोका बीपीवाल्यांना जास्त असतोच असं नाही, काही अभ्यासांत कमीच दिसलाय. त्रास होतो तो जास्त करून वाढ खुंटल्यामुळे: पुढे शाळेत लक्ष लागणं, गणित, भाषा, असल्या ठिकाणी. म्हणून पोटात किती उपासमार झाली आणि बाहेर आल्यावर डोक्याचा घेर कसा वाढला, ह्या दोन गोष्टी मी आधी बघतो.

मॅग्नेशियम बाधलं का, ह्याचं उत्तर अगदी उलट आहे. ते आईचे झटके टाळतं हे २००२च्या मोठ्या चाचणीत सिद्ध झालं, आणि ३२ आठवड्यांच्या आत बाळंतपण होणार असेल तर बाळाच्या मेंदूला राखण्यासाठीही ते देतात. ती वाफ वाया गेली नाही, बाई.

सदलग्याचा_बाप

डॉक्टरसाहेब, "उपाशी ठेवलंय" म्हणून भांडणाऱ्यातला मी एक. २०१६ला मुलगा २९ आठवड्यांचा, बायकोला असलंच बीपी, लिव्हरपण बिघडलेलं. दोन मिली दूध दर दोन तासांनी. मी सिस्टरना नको नको ते बोललो. नंतर पेढे घेऊन गेलो, त्यांनी घेतले.

माझा अनुभव, जसा आहे तसा. मान दुरुस्त वयाच्या साडेचार महिन्यांना. बसला नऊला. चालला सतरा महिन्यांना, तोपर्यंत गल्लीने त्याला अपंग ठरवून टाकलेला. बोलायला मात्र खरंच उशीर झाला, तीन वर्षांपर्यंत चारच शब्द. तिथे आम्ही वाट बघत बसलो ती चूक. "बापपण उशिराच बोलला होता" म्हणे. आता शाळेत आहे, वाचतो चांगलं, गणिताला घाम फुटतो, एका जागी बसत नाही. क्रिकेट सोडून काही सुचत नाही, पण ते आठवड्यांमुळे नसावं.

एक सांगतो. वॉकर आणू नका. आमच्या मेव्हण्याने आणला होता, चार महिने पोरगं टाचा वर करून नाचत होतं, फिजिओथेरपिस्ट बाईंनी बघताक्षणी तो जप्त केला.

पेटीजवळची

पेढे घेतो आम्ही, राग धरत नाही :)

घरी काय करायचं ते लिहिते. बाळ जागं आणि खूश असताना पालथं घाला, दोन-दोन मिनिटं, दिवसातून खूपदा. आईच्या छातीवरच पालथं घातलं तरी चालतं. मान त्यानेच बसते. उशांचा टेकू देऊन बसवून ठेवू नका. कांगारू, म्हणजे छातीशी उघडं धरणं, वजन कमी असेतोवर चालू ठेवा. जन्मल्यावर लगेच कांगारू सुरू केलं तर छोट्या बाळांचे मृत्यू कमी होतात हे जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत दिसलं, त्यात दिल्लीचा दवाखानाही होता. हळुवार तेल लावा, पण मान-कंबर पिळून काढणाऱ्या मालिशवाल्या बाई नकोत. आणि शेगडीची धुरी अजिबात नको. ह्या फुफ्फुसांना धूर म्हणजे शिक्षा.

बोला तिच्याशी. मराठी, कानडी, काय येईल ते. गाणी म्हणा.

लक्ष कशावर ठेवायचं: दुरुस्त वयाचे चार महिने झाल्यावरही मुठी घट्ट, अंगठा आत. पाय कात्रीसारखे एकमेकांवर. सतत एकाच बाजूला मान. तोंडाकडे न बघणं. ह्यातलं काही दिसलं तर वाट बघू नका.

गावठी_बालरोग

एक भर. हिचं वय आत्ता नेमकं त्या खिडकीत आहे जिथे नुसत्या हालचाली बघून पुष्कळ कळतं. दुरुस्त वयाच्या ९ ते २० आठवड्यांत निरोगी बाळ उताणं पडलं असताना मान, मनगटं, घोटे असे बारीक बारीक, सगळ्या दिशांनी फिरवत राहतं, जणू अंगात मुंग्या आल्यात. बाळ जागं आहे, रडत नाही, तोंडात काही नाही, समोर खेळणं नाही, अशा वेळी मोबाईलवर तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ घ्या आणि हे शिकलेल्या डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा. त्या हालचाली दिसल्या तर मोठा दिलासा. व्हिडिओ इथे टाकू नका, नाहीतर कुंदाप्रेमी निदान करतील.

कानाबद्दल: पेटीत राहिलेल्या बाळाला ते छोटं यंत्र पुरत नाही. कानापासून मेंदूपर्यंतची तार तपासणारी बेरा करून घ्या.

कुंदाप्रेमी

शिकतोय डॉक्टर, शिकतोय.

चंदगडी_छत्री

मी ह्यांच्या माहेरच्या बाजूची. डोळ्यांची तारीख चुकली त्यात पाऊस निम्माच दोषी आहे. आमच्याकडे दर दुसऱ्या घरात हे होतं. नोंदणी सासरी बेळगावला, हातात कर्नाटकचं तायी कार्ड, म्हणजे गरोदर बाईचं नोंदणी कार्ड. बाळंतपणाला किंवा नंतर माहेरी आली की इकडच्या आशाच्या यादीत तिचं नाव नाही. तिकडची आशा घरी जाते, तर दाराला कुलूप. घरी येऊन बाळ बघायच्या भेटी कागदावर दोन्हीकडे, प्रत्यक्षात कुठेच नाहीत. कार्डावरचं कानडी इकडच्या सिस्टरना वाचता येत नाही, आमचं मराठी तिकडे. माझ्या भावजयीच्या वेळी तर एका दवाखान्यात (नाव घेत नाही) "तुमच्या राज्यात जा" असंच तोंडावर म्हणाले, आणि घर ते दवाखाना अंतर अर्ध्या तासाचं.

टिळकवाडी_कट्टा

ह्याचं मूळ शोधायचं तर १९५६ला जावं लागेल. ८६५ गावांचा प्रश्न सुटला असता तर

व्यवस्थापक

सीमाप्रश्नासाठी वेगळा धागा आहे, तिथे २३०० प्रतिसाद झालेत, तुमची जागा राखून ठेवली आहे. इथे बाळ.

पेटीजवळची

चंदगडीताई शंभर टक्के खरं बोलल्या. मी आता डिस्चार्जच्या वेळी एकच करते: पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत इंग्रजी आकड्यांत जन्माचे आठवडे, वजन, डोळ्यांची पुढची तारीख, आणि आईला मोबाईलमध्ये फोटो काढायला लावते. माहेरी पोचल्या दिवशी तिथल्या आशाला फोन करा, "मी आलेय, बाळ पेटीतलं आहे" एवढंच सांगा. यादीत नाव नसलं तरी बहुतेकजणी येतात. माणसं वाईट नाहीत, रजिस्टर आडवं येतं.

खानापूर_रान

अक्का, डॉक्टर, माझा प्रश्न थोडा वेगळा. पहिल्या वेळी मला हेच झालं, ३३ आठवडे, मुलगा बरा आहे. आता परत दिवस गेलेत, नववा आठवडा चालू आहे. घरी मीठ बंद केलंय आणि जिना उतरू देत नाहीत. आणखी काय करू?

गावठी_बालरोग

मीठ नेहमीसारखं खा, अळणी जेवून हा आजार टळत नाही. पडून राहूनही टळत नाही. ह्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा आणि मागचा इतिहास पहिल्या वाक्यात सांगा. कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करायची का हे त्या ठरवतील. ती सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू झाली तर जास्त उपयोगी, तुम्ही वेळेत आहात. मनाने सुरू करू नका. आहारात कॅल्शियम कमी असेल तर त्या गोळ्याही.

आणि ही ॲस्पिरिनची गोष्ट आपल्या घरची आहे बरं का. पहिलटकरणींना ८१ मिलिग्रॅमची गोळी देऊन बघण्याची सहा देशांतली मोठी चाचणी झाली, सुमारे १२ हजार बायका, निकाल २०२०ला छापून आला. त्यात बेळगाव हे एक केंद्र होतं, आपल्या जेएनएमसी मेडिकल कॉलेजचं. ३७ आठवड्यांच्या आतली बाळंतपणं ११ टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे जादू नव्हे. पण गोळी अगदी स्वस्त आहे, आणि त्यात आपल्या खेड्यांतल्या बायका होत्या.

खानापूर_रान

गुरुवारची वेळ घेतली. सासऱ्यांना मिठाचं वाचून दाखवलं. आमटी परत आमटीसारखी लागतेय.

शहापूरची_माय

नऊ दिवसांनी लिहितेय, माफ करा.

डोळे बघितले. थेंब घालून, पापण्या ताणून, ती इतकी रडली की मी बाहेर जाऊन उभी राहिले. रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोचल्यात, उपचाराची गरज नाही. चष्मा लवकर लागू शकतो म्हणून वर्षाची झाली की परत. डॉक्टर रागावले, आणि रागवायलाच हवं होतं. म्हणाले, तुमचं नशीब चांगलं, सगळ्यांचं नसतं.

बेरा झाली, डावा कान परत तपासायचा आहे. व्हिडिओ घेतला, तिसऱ्या प्रयत्नात नीट आला. जिल्ह्याच्या लवकर उपचार केंद्रात फिजिओथेरपिस्ट बाईंनी दोनदा बघितला आणि म्हणाल्या, त्या मुंग्यांच्या हालचाली आहेत. उजवा खांदा जरा ताठ वाटतो, त्याला व्यायाम दिलाय. मान अजून डुगडुगतेच.

दुसरंच एक निघालं. तिथे रांगेत बसले होते, सिस्टर म्हणाल्या, तुमचंही बीपी बघू. १५०/९६. डिस्चार्जनंतर दोनदा बघितलं होतं, मग बाळाच्या नादात मी स्वतःला विसरूनच गेले. वार निघाली की आजार गेला असं मी धरून चालले होते.

गावठी_बालरोग

बारा आठवड्यांनंतरही राहिलं तर ते आता तुमचं स्वतःचं बीपी समजून उपचार करायचे. फिजिशियनना दाखवा, दूध पाजताना चालणाऱ्या गोळ्या आहेत. हा आजार होऊन गेलेल्या बाईला पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो. त्यामुळे वर्षातून एकदा बीपी आणि साखर, कायमचं. मुलीचंही बीपी दर भेटीत बघायला सांगा, अशा बाळांचं पुढे थोडं चढं राहतं.

शहापूरची_माय

गोळी सुरू झालीय. नवऱ्याने दोघींचे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या दाराला अडकवलेत, माहेरी जाताना पिशवी आधी, मग बॅग. शेजारच्या बाईंना वजाबाकी समजावली. त्यांनी बोटांवर मोजून बघितलं आणि म्हणाल्या, "मग आमचाच लवकर पळायला लागलाय की."

पेटीजवळची

डाव्या कानाची तारीख कधी?

शहापूरची_माय

पुढच्या महिन्यात, १४.

पेटीजवळची

१३ला इथे आठवण करते.